पाळत नको, सोबत हवी

गेल्या महिन्यात इंदूरहून एका वाचक मैत्रिणीचा निरोप आला. मुलगा यंदा आठवीत जाणार, शाळा बदलायची आहे, आणि घरात दोन मतं पडली आहेत. सासऱ्यांचं म्हणणं, "कॉन्व्हेंटमध्ये घाला, तिथं शिस्त लागते." तिचं म्हणणं, "शिस्त लागेल हो, पण पोरगं कोमेजलं तर?" शेवटी तिनं लिहिलं होतं, "ताई, तुम्ही इतकी वर्षं अशाच शाळेत शिकवलंत. खरं काय ते सांगा."

खरं काय ते एका ओळीत सांगता आलं असतं तर तिला तेव्हाच फोन केला असता. म्हणून आजचं हे सदर तिच्यासाठी, आणि शाळेच्या फाटकाबाहेर मूल सोडून परत फिरताना क्षणभर थांबणाऱ्या सगळ्याच आईबाबांसाठी.

मी वसई भागातल्या एका कॅथलिक माध्यमिक शाळेत तेवीस वर्षं मराठी शिकवलं. शाळा मराठी माध्यमाची, चालवणाऱ्या सिस्टर्स. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटतं, कारण कॉन्व्हेंट म्हटलं की इंग्रजीच डोळ्यांपुढे येतं. पण वसईचा ख्रिस्ती समाज मराठीतच प्रार्थना करतो आणि घरात कादोडी नाहीतर वाडवळी बोलतो. आमच्या वर्गात ख्रिस्ती मुलं होती, तशीच हिंदू, मुसलमान होती, आणि आदिवासी पाड्यांवरून चालत येणारीही होती.

फाटकावरच्या सिस्टर

शाळा सात वाजून दहा मिनिटांनी भरायची. पावणेसातपासून आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर फाटकापाशी उभ्या. पाऊस असला तर छत्री घेऊन, पण उभ्या. हातात काही नाही, ना वही ना छडी.

मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, उशिरा येणाऱ्यांना पकडायला उभ्या राहतात. एक दिवस विचारलंच, "सिस्टर, उशीर झालेल्यांची नावं लिहायला शिपाई आहे ना? तुम्ही कशाला?"

त्या म्हणाल्या, "उशिरा येणाऱ्यांसाठी नाही उभी राहत मी. वेळेवर येणाऱ्यांसाठी राहते."

मला तेव्हा काही कळलं नाही. पुढं पाहत गेले तसं लक्षात आलं. सिस्टर नुसतं "गुड मॉर्निंग" घेत नसत. "काय रे, आजी आली का दवाखान्यातून?" "तुझी चप्पल तुटलीय, मधल्या सुट्टीत ऑफिसात ये." "आज मान खाली का गं?" सातशे मुलांतली निम्मी तरी त्यांना नावानिशी ठाऊक होती. मूल वर्गात पोचायच्या आधीच त्याच्या चेहऱ्यावर काय आहे हे शाळेतल्या एका मोठ्या माणसानं पाहिलेलं असायचं.

छडीचा काळ

पण मैत्रिणींनो, मी तुम्हाला फक्त गोड गोष्ट सांगणार नाही. 'कॉन्व्हेंटची शिस्त' म्हणून आपले वडीलधारे ज्याचं कौतुक करतात, त्यात हातावर बसलेली पट्टी होती, उन्हात गुडघ्यावर बसणं होतं, मातृभाषेत बोललं म्हणून दंड होता. त्यात मीही मागे नव्हते. वर्गाबाहेर उभं करणं ही माझी आवडती शिक्षा. आणि वर्गात कोणी कादोडी बोललं की तेच वाक्य "शुद्ध मराठीत" दहादा लिहायला लावायचे. मला वाटायचं, मी भाषा सुधारतेय.

कायदा आता स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केली. हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं. त्यामुळे काही पालकांना वाटतं, चर्चच्या शाळेत मारलं तर चालतं. अजिबात नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ मुलाचा ताबा किंवा जबाबदारी असलेल्या प्रत्येकाला लागू आहे. मुलाला मारहाण करणं, त्याला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास देणं हा गुन्हा आहे, मग शाळा कोणाचीही असो.

तरी कायदा एवढंच सांगतो की काय करायचं नाही. मग करायचं काय? ते मला एका प्रकरणानं शिकवलं. त्याला आता आठेक वर्षं झाली.

परिपाठाची सकाळ

त्या आठवड्यात परिपाठ माझ्या नववीच्या वर्गाकडे होता. प्रार्थना, सुविचार, बातम्या आणि संविधानाची उद्देशिका. उद्देशिका कोण वाचणार म्हणून विचारलं तर दोन हात वर झाले. एक हात वर्गातल्या एका मुलीचा. अक्षर मोत्यासारखं, पण बोलताना अडखळायची. विशेषतः 'स' आला की शब्द ओठांवर अडून बसायचा. तिनं आपणहून हात वर केला याचा मला इतका आनंद झाला की मी लगेच तिचं नाव लिहिलं.

दुसऱ्या हाताकडे मी फार लक्ष दिलं नाही. ते पुढं येईलच.

सोमवारी ती माइकपाशी उभी राहिली. सुरुवात छान झाली. मग 'सार्वभौम' आला. ती थांबली. एक सेकंद, दोन सेकंद, तीन. मी मागेच उभी होते. मला राहवलं नाही. मी पुढं वाकून म्हटलं, "सार्वभौम!" माइकनं माझा आवाज उचलला आणि मैदानभर पोचवला. मागच्या रांगांतून हसू फुटलं. तिनं उद्देशिका शेवटपर्यंत वाचली, खाली उतरली, आपल्या रांगेत जाऊन उभी राहिली.

शाळेत मोबाइलला बंदी होती. तरी एकाच्या दप्तरात होता. संध्याकाळपर्यंत त्या क्षणाचा वीसेक सेकंदांचा व्हिडिओ वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता. कोणी त्याला गाणं जोडलं, कोणी तिच्या चेहऱ्याचं स्टिकर बनवलं. ग्रुपचं नावही बदललं गेलं. ते मी इथं लिहीत नाही.

मंगळवारी ती शाळेत आली नाही. तिचे वडील आले. रिक्षा चालवायचे, खाकी शर्ट अंगातच होता. त्यांनी फोन सिस्टरांच्या टेबलावर ठेवला, व्हिडिओ सुरू केला आणि खिडकीकडे पाहत बसले.

दहा दिवस कुठं?

शिस्त समितीची बैठक बसली. मूळ उद्योग तीन मुलांचा होता. एकानं चित्रण केलं, दुसऱ्यानं गाणं जोडलं, तिसऱ्यानं बाहेर पाठवलं. पालक प्रतिनिधींचं म्हणणं, दाखले हातात द्या. माझं मत त्यापेक्षा सौम्य, दहा दिवस शाळेतून निलंबित करा.

सिस्टरांनी विचारलं, "हे दहा दिवस ती मुलं कुठं असतील?"

"घरी."

"आईबाप?"

"कामावर."

"आणि मोबाइल?"

कोणी बोललं नाही.

मग त्या म्हणाल्या, "शिक्षा द्यायची नाही असं मी म्हणत नाही. पण आपल्या नजरेआड पाठवणं ही शिक्षा मुलांना नाही, आपल्याला सुट्टी आहे."

तुरीनच्या तुरुंगात

त्या दिवशी बैठक संपताना सिस्टरांनी डॉन बॉस्को यांचा विषय काढला. मुंबईकरांना हे नाव माटुंग्याच्या शाळेमुळे ठाऊक असतं. पण हा माणूस मुळात कोण, हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं.

जॉन बॉस्को १८१५ साली उत्तर इटलीत एका गरीब शेतकरी घरात जन्मले. दोन वर्षांचे व्हायच्या आत वडील गेले. १८४१ साली धर्मगुरू झाल्यावर ते तुरीन शहरात काम करू लागले. खेड्यापाड्यांतून पोटासाठी आलेली पोरं तिथं बांधकामांवर आणि कारखान्यांत राबत होती. बॉस्को तुरुंगात जाऊ लागले, तर तिथं बारा ते अठरा वर्षांची मुलं. त्यांतली कित्येक सुटायची आणि थोड्याच दिवसांत परत आत यायची. पुन्हा पुन्हा पाहून त्यांच्या लक्षात आलं, की यांना बाहेर कोणी आपलं म्हणणारं नाही. तुरुंगाच्या दारापाशी वाट पाहणारं एक माणूस असतं तर?

मग त्यांनी अशा मुलांना रविवारी जमवायला सुरुवात केली. खेळ, लिहिणं-वाचणं, गाणी, प्रार्थना, पुढं सुतारकाम, शिवणकाम, छपाई. १८४६ साली वाल्दोको भागात हक्काची जागा मिळाली. त्याच वर्षी त्यांची आई, मार्गारिता, गावचं घर सोडून तिथं राहायला आली आणि त्या पोरांना रांधून वाढू लागली, त्यांचे कपडे सांधू लागली.

१८७७ साली बॉस्को यांनी आपली पद्धत एका छोट्या पुस्तिकेत मांडली. त्यांचं म्हणणं असं, की मुलं वाढवायच्या दोन रीती असतात. एक दडपणाची. नियम सांगायचे, लांबून नजर ठेवायची, चुकलं की पकडायचं. दुसरी आधीच सांभाळून घेण्याची. नियम सांगायचे आणि मग मुलांच्या मध्येच राहायचं, म्हणजे चुकीची वेळच कमी येते. तिचे तीन आधार त्यांनी सांगितले: विवेक, धर्म आणि माया. म्हणजे नियम पटवून द्यायचा, मुलाच्या मनात देवाची म्हणा, सदसद्विवेकाची म्हणा, जाग ठेवायची, आणि हे सगळं मायेनं करायचं. १८८४ साली त्यांनी रोमहून आपल्या संस्थेला एक पत्र लिहिलं. त्यात त्यांची खंत होती, की शिक्षक आता मैदानावर मुलांत मिसळत नाहीत. मुलांवर तुमचं प्रेम असेलही, पण ते मुलांपर्यंत पोचतंय का, असा त्या पत्राचा रोख होता.

त्यांच्या सेलेशियन संघाचे लोक १९०६ साली तमिळनाडूत तंजावरला आले आणि तिथून ही पद्धत भारतात रुजली. आमच्या सिस्टर दुसऱ्या संघाच्या, पण फाटकावर उभं राहणं त्यांनी इथूनच घेतलं होतं.

हे ऐकताना मला साने गुरुजी आठवले. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळायचे. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या की रागावण्याऐवजी स्वतः झाडू हातात घ्यायचे. लाजून मुलंच मग झाडायला लागत. तुरीन कुठं, अमळनेर कुठं! पण दोघांनीही मुलांपासून लांब उभं राहून शिस्त लावली नाही.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दोन शब्द शेजारी शेजारी बसले आहेत, पाळत आणि सोबत. लांबून पाहिलं तर दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हींत एक मोठं माणूस मुलाकडे पाहत उभं असतं. पण पाळत चूक व्हायची वाट पाहते. सोबत चुकीच्या आधी तिथं असते, आणि चूक झाल्यावरही निघून जात नाही.

एका कागदावरची यादी

मग त्या तीन मुलांचं काय झालं? सिस्टरांनी आधी त्या मुलीच्या घरी जाऊन तिलाच विचारलं, "तुला काय हवंय?" तिला दोन गोष्टी हव्या होत्या. व्हिडिओ सगळीकडून जायला हवा. आणि सगळ्यांसमोर माफी नको, पुन्हा सगळे माझ्याकडेच बघतील.

सिस्टरांनी तिघांना कोरा कागद दिला. "व्हिडिओ कोणाकोणाकडे गेला त्यांची नावं लिहा. प्रत्येकाकडे जा, समोर पुसायला लावा, सही आणा. शाळा सुटल्यावर. एक शिक्षक बरोबर असेल." ती शिक्षक मी होते.

पहिल्या दिवशी मुलांना गंमत वाटत होती. वर्गातल्याच पोरांकडे जायचं, त्यात काय! तिसऱ्या दिवशी कागदावर एकेचाळीस नावं झाली. कोणी नालासोपाऱ्याच्या मावसभावाला पाठवलेला, कोणी क्लासच्या ग्रुपवर टाकलेला. एका घरी तर आजीनं दार उघडलं आणि म्हणाली, "काय चाललंय ते कळलं नाही मला, पण ती पोर रडत असेल रे." सहाव्या दिवशी गाणं जोडणारा मुलगा कागद घेऊन सिस्टरांसमोर उभा राहिला. म्हणाला, "सिस्टर, हे संपतच नाही."

त्या म्हणाल्या, "हो. नाहीच संपत."

जबाबदारी या विषयावर मी वर्गात किती निबंध लिहून घेतले असतील! बटण दाबायला एक क्षण पुरतो आणि निस्तरायला किती दारं वाजवावी लागतात, हे त्या तिघांना त्या कागदानं शिकवलं.

आणि ज्यानं चित्रण केलं त्याचं? त्याच्याबरोबर चालता चालता मला कळलं, की त्याची आई पहाटेच्या लोकलनं भाजी घेऊन दादरला जाते. मोबाइल तिनंच दिलेला, सकाळी फोन करून त्याला उठवता यावं म्हणून. मी विचारलं, "पण तू असं का केलंस?" बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "टीचर, उद्देशिकेसाठी मी पण हात वर केला होता."

तो दुसरा हात. मी त्याचं नाव का लिहिलं नव्हतं? कारण त्याच्या बोलण्यात कादोडीचा हेल होता आणि माइकवर तो मला नको होता. मला कारण आठवलं आणि त्याच्याकडे पाहवेना.

कारण समजलं म्हणून त्याची चूक पुसली जात नाही. एका मुलाचा अपमान झाला म्हणून दुसऱ्या मुलीचा करायचा हक्क त्याला मिळत नाही, हे मी त्याला तिथंच सांगितलं. पण त्याला जे सांगितलं त्यातलं अर्धं मला लागू होतं. आमची दोघांची यादी एकच होती म्हणा.

पाण्याच्या टाकीमागे

इथं गोष्ट संपली असती तर मी ती कौतुकानं सांगत फिरले असते. पण पंधरवड्यानं शाळेतल्या सफाईच्या मावशी मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "बाई, तुमच्या वर्गातली ती पोरगी रोज पाण्याच्या टाकीमागं डबा खाते. मी बसते तिच्यापाशी. पण मी किती दिवस पुरणार?"

मी जागच्या जागी थिजले. आम्ही सगळे मोठे तीन मुलांना सुधारण्यात इतके गुंतलो होतो, की जिला इजा झाली तिच्याबरोबर मधल्या सुट्टीत कोण बसतं हे आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं. वर्गातली मुलं तिला चिडवत नव्हती. 'उगाच भानगड नको' म्हणून टाळत होती. आणि ती वर्गात दिसत होती, वह्या पूर्ण होत्या, म्हणून आम्ही सगळं ठीक आहे असं धरलं होतं. ज्या शाळेला आपल्या सोबतीचा अभिमान होता, तिथं ती सोबत एकट्या मावशींनी केली होती.

त्यानंतर आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. मधल्या सुट्टीत शिक्षकांनी आळीपाळीनं आपला डबा घेऊन वर्गात बसायचं. उपदेश नाही, सूचना नाहीत, नुसतं जेवायचं. कोणाच्या डब्यात रोज नुसती चपाती आहे, कोण कोणाशेजारी बसत नाही, कोण हल्ली जेवतच नाही, हे वीस मिनिटांत दिसतं. हजेरीपत्रकात ते कधीच दिसत नाही.

शाळा निवडताना काय विचाराल?

आता इंदूरच्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. फाटकावर आज बहुतेक शाळांत कॅमेरा असतो. असू द्या, तो उपयोगी आहे. पण काय झालं ते कॅमेरा नंतर दाखवतो. आज मान खाली का, हे तो विचारत नाही. म्हणून शाळा पाहायला जाल तेव्हा या गोष्टी जरूर विचारा.

शाळेत समुपदेशक आहे का? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, हे त्यातलंच एक. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणं आणि चारचौघांत पाणउतारा करणं टाळावं, मदतीचे फोन क्रमांक ठळक लावावेत, हेही त्यात आहे.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम काय आहेत? हा प्रश्न विचारायला संकोच नको. जगभरच्या कॅथलिक चर्चला या बाबतीत मान खाली घालावी लागली आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलाला सोबत हवी, पण ती उघड्या दाराआडची. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याची सक्ती केली आहे. फादर, सिस्टर, शिक्षक, संस्थाचालक, कोणालाच 'आतल्या आत मिटवू' म्हणता येत नाही.

आणि धर्माचं काय? अनेक घरांत हा प्रश्न असतो, फक्त बोलला जात नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं २०२४ साली आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सर्व धर्मांचा आदर राखावा, सकाळी संविधानाची उद्देशिका म्हणावी, असं त्यांत सांगितलं आहे. तुमच्या शाळेत हे कसं पाळलं जातं, ते सरळ विचारा. चांगली शाळा या प्रश्नानं रागावत नाही.

घरी करता येईल असं

शाळा सहा तासांची, बाकीचं घर आपलं. कॅथलिक परंपरेतली एक सवय मी घरी आणली, ती कोणत्याही धर्माच्या घरात चालते. इग्नेशियस लोयोला या सोळाव्या शतकातल्या संतानं आपल्या जेझुइट साथीदारांना दिवसातून दोनदा थांबून दिवसाकडे वळून पाहायला शिकवलं. काय चांगलं मिळालं, कुठं चुकलं, उद्या काय करीन. अनेक जेझुइट शाळांत आजही मुलं अशी काही मिनिटं शांत बसतात.

आमच्या घरी झोपण्याआधी दोनच प्रश्न असायचे. "आज कोणी तुझ्याशी चांगलं वागलं?" आणि "आज तू कोणाशी जरा बरं वागू शकला असतास?" अट एकच, मोठ्यांनीही उत्तर द्यायचं. आईनं "आज मी भाजीवाल्यावर उगाच ओरडले" असं कबूल केलं की मुलाला आपलं सांगायला जीभ सैल होते. "अभ्यास झाला का?" या प्रश्नानं ती होत नाही.

आणि मूल फारच गप्प झालं, जेवण-झोप बिघडली, 'मी नसलो तर बरं' असं काही बोललं, तर 'वयच तसं आहे' म्हणून थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथं आपल्या भाषेत बोलता येतं. मुलाला कोणी त्रास देत असेल तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे. हे दोन क्रमांक आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा.

जाता जाता

ती मुलगी दहावी चांगल्या गुणांनी पास झाली. पुन्हा मात्र तिनं माइक हातात घेतला नाही. दोघीतिघी मैत्रिणी झाल्या, टाकीमागचा डबा सुटला, पण आमच्या शाळेत तिचा आवाज परत आला असं मी म्हणू शकत नाही.

दाखला न्यायला आली तेव्हा माझ्यापाशी थांबली. म्हणाली, "टीचर, एक सांगू? त्या दिवशी तुम्ही मागून शब्द सांगितलात ना, तो सांगायला नको होता." मग 's' च्या नाही, 'थ' च्या शब्दावर अडखळून, पण स्वतःचं स्वतः पूर्ण करत ती म्हणाली, "मला येत होता तो. थोडं थांबायला हवं होतं."

मी थांबले नव्हते. तीन सेकंदही नाही.

तर इंदूरच्या मैत्रिणी, कॉन्व्हेंटमध्ये घाल किंवा दुसऱ्या कुठल्या शाळेत. पण प्रवेश घेण्याआधी एका सकाळी पावणेसातला जाऊन त्या फाटकापाशी उभी राहा. आत जाणाऱ्या मुलांकडे कोण बघतंय, आणि कसं बघतंय, ते पाहा. मुलांचे चेहरे त्या माणसाला पाहून मिटतात की उघडतात, तेही पाहा. मग मला कळव.

आणि बाकीच्या वाचकांनो, तुमच्या शाळेच्या फाटकावर कोण उभं असायचं? त्यांची आठवण जरूर लिहून पाठवा. पुढच्या भेटीत त्यांच्याविषयीच बोलू.